आजचं चिंतन: राजवाड्यातला उपाशी म्हातारा



आजचं वाचन: महाभारत, आश्रमवासिक पर्व, सुरुवातीचे अध्याय.

आई-वडिलांच्या सेवेचा विषय निघाला की आपल्याला पुंडलिक आठवतो. विटेवर उभा राहून वाट पाहणारा देव आठवतो. ती गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. आज मात्र एक अशी गोष्ट वाचू जी फारशी सांगितली जात नाही. युद्ध संपलंय, राज्याभिषेक झालाय, मालिका असती तर इथेच संपली असती. पण व्यास थांबत नाहीत. ते आपल्याला हस्तिनापूरच्या राजवाड्यात एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या खोलीत घेऊन जातात.

गोष्ट काय आहे?

शंभर मुलं गेली. धृतराष्ट्र आणि गांधारी उरले. दोघंही म्हातारे, एक जन्मांध आणि एक डोळ्यांवर पट्टी बांधलेली. ज्यांनी मुलांना मारलं, त्यांच्याच घरी आता राहायचं. दोघांचं सगळं पांडवांवर अवलंबून.

युधिष्ठिरानं व्यवस्था चोख ठेवली होती. उंची वस्त्रं, चांगले पलंग, पूर्वीचेच स्वयंपाकी, पूर्वीसारखीच पक्वान्नं. विदुर, संजय, युयुत्सू दिमतीला. धृतराष्ट्रानं एखाद्या कैद्याला सोडायला सांगितलं तर युधिष्ठिर एका शब्दानं आड येत नसे. भावांना आणि मंत्र्यांना त्याची सक्त ताकीद होती: जो या वृद्ध राजाचं मन राखेल तो माझा, जो दुखवेल तो माझा शत्रू.

अशी पंधरा वर्षं गेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय भाग्यवान म्हातारा आहे!

पण भीमाच्या मनातून द्यूतसभा गेली नव्हती. तो उघड काही करत नसे. चोरून करत असे. नोकरांना फितवून धृतराष्ट्राच्या आज्ञा मोडायला लावत असे. एकदा तर मित्रांमध्ये बसून, त्या दोघांना ऐकू जाईल अशा बेतानं, त्यानं आपले दंड थोपटले आणि मोठ्यानं बढाई मारली की याच बाहूंनी मी त्या आंधळ्याच्या सगळ्या मुलांना यमसदनी धाडलं.

युधिष्ठिराला याचा पत्ता नव्हता. अर्जुनाला नव्हता. कुंतीला नाही, द्रौपदीलाही नाही.

आणि धृतराष्ट्र? त्यानं जेवण कमी केलं. दोन-दोन, तीन-तीन दिवसांनी जीव धरून राहण्यापुरतं खायचं. मऊ पलंग सोडून जमिनीवर दर्भ टाकून झोपायचं. माहीत फक्त गांधारीला. शेवटी त्यानं वनात जायची परवानगी मागितली, तेव्हा कुठे हे सगळं युधिष्ठिराला कळलं.

पहिला मुद्दा: सोय म्हणजे सुरक्षितता नव्हे

मंडळी, इथे जरा थांबूया. कारण आपल्यातले बरेच जण आज युधिष्ठिराच्या जागी आहेत.

आपण हिंजवडीत, बंगळुरूत, नाहीतर थेट टोरांटोत. आई-बाबा गावाकडे किंवा जुन्या फ्लॅटमध्ये. ब्युरोतून मावशी ठेवलेल्या आहेत, औषधं घरपोच येतात, दर महिन्याला पैसे जातात, रविवारी व्हिडिओ कॉल होतो. यात वाईट काहीच नाही. युधिष्ठिराची व्यवस्थाही वाईट नव्हती. पण त्यानं हुकूम दिला आणि तो पाळला जातोय असं गृहीत धरलं. पंधरा वर्षं!

व्यास युधिष्ठिराला दुष्ट म्हणत नाहीत. तो मनापासून चांगला आहे. पण आपण चांगले आहोत म्हणून आपल्या घरात कुणाचा छळ होत नसेल, हे गणित चुकीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या छळाला तोंड द्यावं लागतं. ही सगळी माणसं काही राक्षसांच्या घरात राहत नाहीत.

दुसरा मुद्दा: छळाला वळ उठतातच असं नाही

भीमानं धृतराष्ट्राला कधी हात लावला नाही. त्यानं काय केलं ते नीट बघा. त्यानं टोमणे मारले. आज्ञा मोडायला लावल्या, म्हणजे आंधळ्या माणसानं हाक मारली तर ओ देणारं कुणी नको. पुढे वनात जाण्याआधी धृतराष्ट्रानं भीष्म, द्रोण आणि मुलांच्या श्राद्धासाठी द्रव्य मागितलं, तेव्हा त्यालाही भीमानंच विरोध केला. अर्जुनानं त्याची समजूत घालायचा प्रयत्न केला, आणि युधिष्ठिरानं आपल्या स्वतःच्या खजिन्यातून ते दिलं.

आजच्या भाषेत मांडलं तर यादी ओळखीची वाटेल:

- घालूनपाडून बोलणं. "अजून किती दिवस?" हे वाक्य दार लोटून, पण ऐकू जाईल असं बोलणं.
- दुर्लक्ष. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस न बदलणं, ओला डायपर तसाच ठेवणं, "सारखं बाथरूमला उठवावं लागतं" म्हणून पाणीच कमी देणं.
- पैसा. पेन्शनचं एटीएम कार्ड काढून घेणं, कोऱ्या कागदावर अंगठा घेणं, आजारपणात घाईघाईनं बक्षीसपत्र करून घेणं.
- तोडून टाकणं. फोन "बिघडला" म्हणून परत न देणं, बहिणीला भेटू न देणं, शेजारी आले की "झोपलेत" म्हणून दारातून परत पाठवणं.
- शारीरिक. ढकलणं, चिमटे, हात-पाय बांधणं, गप्प राहावं म्हणून झोपेचं औषध जास्त देणं.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांच्या बाबतीत घडतं असं नाही. घरातला मतिमंद काका, मानसिक आजार असलेली आत्या, अपघातानंतर खुर्चीला जखडलेला भाऊ, ऐकू-बोलू न येणारी मावशी, ज्या ज्या मोठ्या माणसाला उठण्या-बसण्यासाठी, खाण्यासाठी किंवा व्यवहारासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं, त्या प्रत्येकाची ही गोष्ट आहे. धृतराष्ट्राला दिसत नव्हतं, म्हणून भीमानं आवाज वापरला. ज्याचं जे बळ कमी, तिथूनच त्याला गाठलं जातं.

तिसरा मुद्दा: तो सांगत का नाही?

मला या पर्वातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. धृतराष्ट्र युधिष्ठिरासमोर मनातलं बोलतो, तेव्हा भीमाबद्दल तक्रार करत नाही! उलट म्हणतो की बाळा, तुझ्या आश्रयाला मी सुखात राहिलो, तू माझा उत्तम सांभाळ केलास.

पंधरा वर्षं बोचणारे शब्द, पोटात अन्न नाही, आणि तोंडी मात्र "सगळं छान आहे".

हे आपण ऐकलेलं आहे ना? "मला काय होतंय रे, तू तुझं बघ." यामागे बरंच काही असतं. एक म्हणजे मिंधेपणा. ज्याचं खातो त्याच्या भावाविरुद्ध बोलायचं कसं? दुसरी भीती. बोललो तर नंतर कोण सांभाळणार? तिसरी लाज, की माझ्या घरात असं व्हावं! आणि चौथं, बऱ्याचदा एक जुनं ओझं: "माझीच कर्मं, मी भोगतोय." धृतराष्ट्राच्या उपासात हे शेवटचं होतंच. त्यात आपल्या अपराधाचं प्रायश्चित्तही मिसळलेलं होतं. म्हणून तर बाहेरच्याला तो उपास "अध्यात्म" वाटला असता.

तेव्हा कर्मसिद्धांताचा वापर जपून करूया. स्वतःच्या दुःखाकडे बघताना तो आधार होऊ शकतो. दुसऱ्याच्या छळाकडे बघून "त्यांचं प्रारब्ध" म्हणणं हा सिद्धांत नव्हे, ती पळवाट आहे. युधिष्ठिरापेक्षा धर्म जास्त कुणाला कळत होता? त्याला हे समजलं तेव्हा तो "यांचं प्रारब्ध" म्हणाला नाही. त्यानं स्वतःचा धिक्कार केला. तुम्ही जमिनीवर झोपत होता, उपाशी राहत होता आणि मला कळलंही नाही, मग हे राज्य मला काय करायचंय, असा त्याचा सूर होता.

चौथा मुद्दा: "पण ते स्वतः तरी कुठे चांगले होते?"

हा प्रश्न खरा आहे, त्याला बगल द्यायला नको. धृतराष्ट्र निरपराध नव्हता. द्रौपदीला सभेत ओढत आणलं तेव्हा तो तिथेच बसला होता. लाक्षागृह, द्यूत, वनवास, सगळ्यात त्याची मूक संमती होती. भीमाचा राग आकाशातून पडलेला नाही.

आपल्यातही काहींच्या घरी असंच असेल. ज्या वडिलांनी आयुष्यभर दारू पिऊन मारलं, त्यांना आता पक्षाघात झालाय. ज्या सासूनं पहिली दहा वर्षं रडवलं, तिला आता घास भरवावा लागतोय. अशा वेळी "माता-पिता देवासमान" हे वाक्य कुणी तोंडावर फेकलं तर चीड येणारच.

महाभारत इथे फार प्रामाणिक आहे. धृतराष्ट्राचे अपराध ते धुऊन टाकत नाही. भीमाला तू विसरून जा असंही सांगत नाही. ते एवढंच दाखवतं की जो आता दुबळा आहे, ज्याला दिसत नाही, ज्याला जायला दुसरी जागा नाही, त्याच्यावर सूड उगवण्यात पराक्रम नाही. रणांगणात गदा उचलणारा भीम वीर होता. आंधळ्याच्या खोलीबाहेर दंड थोपटणारा भीम केविलवाणा दिसतो.

ज्यांना खरंच जमत नाही, जखम फार खोल आहे, त्यांनी एक लक्षात घ्यावं: सांभाळ होईल अशी व्यवस्था करणं वेगळं, आणि सगळं स्वतःच्या हातांनी करणं वेगळं. रागानं हात थरथरत असेल तर तो घास दुसऱ्या कुणी भरवलेला बरा. दुसऱ्या भावंडांनी, चांगल्या वृद्धाश्रमानं, पगारी माणसानं. अंतर ठेवण्यात पाप नाही. पण एकाच घरात राहून रोज थोडं थोडं मारत राहणं, हे मात्र करू नका.

आणि जे दिवसरात्र एकटेच करतात त्यांच्याबद्दलही बोलू. बऱ्याच घरांत एक वहिनी किंवा एक अविवाहित बहीण सगळं ओढत असते आणि बाकीचे फोनवरून हुकूम सोडत असतात. तिचा एखाद्या दिवशी आवाज चढला तर तिला गुन्हेगार ठरवण्याआधी विचारा: तिला शेवटची पूर्ण रात्र झोप कधी मिळाली? आठवड्यातून एक दिवस तिला सुट्टी देणं, हेही म्हाताऱ्या माणसाचं रक्षणच आहे.

मग आपण नेमकं काय करायचं?

धृतराष्ट्र अशक्तपणानं गांधारीच्या अंगावर कलंडला, तेव्हा युधिष्ठिरानं पाण्यानं गार केलेला हात त्याच्या छातीवरून, चेहऱ्यावरून फिरवला. म्हातारा शुद्धीवर आला आणि म्हणाला, पुन्हा हात फिरव, तुझ्या स्पर्शानं जीव येतो. पंधरा वर्षांच्या पक्वान्नांनी जे झालं नाही ते जवळ बसून लावलेल्या एका हातानं झालं. तर सुरुवात जवळ जाण्यापासून.

*एक, विचारायची पद्धत बदला.* "जेवलात का?" याला उत्तर ठरलेलं आहे: "हो." त्याऐवजी विचारा, "आज भाजी कुठली होती? कुणी वाढलं? दुपारी कोण होतं जवळ?" शक्य तेव्हा स्पीकर बंद करून, एकट्याशी बोला. भेटायला जाल तेव्हा दहा मिनिटं तरी दुसरं कुणी खोलीत नसेल असं बघा. आणि अधूनमधून न कळवता जा.

*दोन, डोळे उघडे ठेवा.* वजन उतरलंय का? नखं, केस, चादर? चष्मा फुटलाय आणि दोन महिने कुणी करून दिला नाही, कानाच्या मशीनचा सेल संपलाय, कवळी डब्यात पडून आहे. पाठीवर, टाचांवर जखमा आहेत का? कुणीतरी खोलीत आलं की बोलणं मध्येच तुटतं का? पासबुकात कळेनाशा रकमा गेल्या आहेत का? एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका, पण खुणा जमा होऊ लागल्या तर "माझा भ्रम असेल" म्हणून सोडूनही देऊ नका.

*तीन, कुणी सांगितलंच, तर आधी ऐका.* "छे, दादा असं करणारच नाही" हे वाक्य गिळून टाका. लगेच जाऊन भांडू नका. तुम्ही संध्याकाळच्या बसनं परत जाल, म्हातारं माणूस मात्र रात्री त्याच घरात असेल. काय हवं आहे ते त्यांनाच विचारा. वय झालं म्हणजे निर्णयाचा हक्क संपत नाही. युधिष्ठिरालाही काळजावर दगड ठेवून, व्यासांचं ऐकून, धृतराष्ट्राला वनात जाऊ द्यावं लागलं. तारखा लिहून ठेवा, जखमेचा फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा. जिवाला धोका दिसत असेल तर मात्र थांबायचं नाही. थेट ११२.

*चार, कायदा माहीत असू द्या.* भक्तानं कायद्याची भाषा बोलू नये असं काही नाही. राजधर्म म्हणजे तरी काय!

- ज्येष्ठांसाठी देशभर एकच मोफत क्रमांक आहे: १४५६७. एल्डरलाइन. सकाळी ८ ते रात्री ८. माहिती, सल्ला, प्रत्यक्ष मदत, सगळ्यासाठी.
- २००७चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा. मुलं आणि सज्ञान नातवंडं यांच्याकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. स्वतःला जमत नसेल तर त्यांच्या वतीनं, त्यांनी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. सांभाळायची जबाबदारी असताना ज्येष्ठाला टाकून देणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.
- घर मुलाच्या नावावर करताना "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. अट मोडली तर याच कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. अट कागदावर नसली की पुढे ती सिद्ध करणं अवघड जातं.
- दिव्यांग व्यक्तीच्या छळाबद्दल २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. नातेवाईकच असायला हवं असं नाही. शेजारीही चालतो.
- मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळदंडानं बांधण्यावर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं बंदी आहे. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेली माणसं पळूही शकली नाहीत. पंचविसाहून अधिक जीव गेले. ते ठिकाण श्रद्धेनं बरं व्हायला येणाऱ्यांचं होतं. आपण भक्तमंडळींनी हे विसरू नये.

कुंतीचा खांदा

पर्वातलं एक दृश्य मनात ठेवून आजचं वाचन थांबवू. धृतराष्ट्र वनात निघाला. सगळं हस्तिनापूर रडत मागे आलं. कुंतीही निघाली. मुलं विनवत राहिली, आता कुठे सुखाचे दिवस आलेत, तू राहा. ती राहिली नाही.

पुढे कुंती चालतेय. तिच्या खांद्यावर गांधारीचा हात. गांधारीच्या डोळ्यांवर पट्टी. आणि गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा हात. तिघांत दिसणारी एकटी कुंती.

ज्यांच्या घरानं तिच्या मुलांना देशोधडीला लावलं, त्यांच्यासाठी ती वाट दाखवणारा डोळा झाली. तिनं हुकूम दिला नाही, पैसे पाठवले नाहीत, भाषण केलं नाही. खांदा दिला, आणि त्यांच्या चालीनं चालली.

प्रत्येकाला वनात जायला जमणार नाही, ते अपेक्षितही नाही. पण आपल्या आजूबाजूला, घरात, सोसायटीत, मंदिराच्या पायरीवर, असा कुणी असेलच ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, आठवत नाही किंवा उठता येत नाही. सकाळी आपण देवाला कोमट पाण्यानं स्नान घालतो, पाणी कढत नाही ना हे बोट बुडवून बघतो. तेवढीच काळजी आतल्या खोलीतल्या माणसाच्या वाट्याला येते का, इतकं आज तपासून बघू.

आजचा संकल्प: आज एका अशा व्यक्तीला फोन किंवा भेट. घाईत नाही. "जेवलात का" सोडून दुसरा प्रश्न विचारायचा, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकायचं. आणि १४५६७ हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवायचा, घरच्या ग्रुपवरही टाकायचा.

प्रार्थना: पांडुरंगा, आमची व्यवस्था चोख असेल, पण आमचं लक्ष नसेल, तर आम्हाला जागं कर. जो बोलू शकत नाही त्याचं न बोललेलं आम्हाला ऐकू येऊ दे. रागानं हात उचलला जाईल तेव्हा तो धर, आणि कुणाला आधार हवा असेल तेव्हा आमचा खांदा पुढे कर.

राम कृष्ण हरी!